मजुरी घेतली, मग नाव कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप समूहावर भैरोबाच्या नव्या प्रभावळीवरून जे रणकंदन झाले, ते मी इथे स्पेनमधल्या सेवियात बसून तीन रात्री वाचत राहिलो, आणि चौथ्या दिवशी कामावर जाताना बसमध्ये मी स्वतःशीच पुटपुटतो आहे हे शेजारच्या आजीबाईंच्या नजरेवरून माझ्या लक्षात आले. विषय साधा होता. जुनी प्रभावळ झिजली होती, दोन ठिकाणी फाटली होती. समितीने वर्गणी काढून नवी करवून घेतली आणि तिच्या खालच्या पट्टीवर देणगीदारांची नावे, अर्थातच रकमेच्या उतरत्या क्रमाने, कोरायचे ठरवले. तेव्हा गावातल्या एका शिक्षिकाबाईंनी सुचवले की ज्याने ती घडवली त्या कारागिराचेही नाव कुठेतरी कोपऱ्यात असावे. पाच मिनिटांत सतरा उत्तरे आली. ‘मजुरी घेतलीया न्हवं? मग नाव कशाला?’ हे त्यातले सर्वांत सौम्य. दुसरे म्हणाले, उद्या गवंडी येऊन म्हणेल कळसावर माझे नाव घाला. तिसऱ्यांनी, देवापुढे कारागिराने नम्र असावे, असा उपदेश केला. या तिसऱ्या गृहस्थांचे नाव पट्टीवर दुसऱ्या क्रमांकाला आहे.

मी मध्ये पडलो. पडायला नको होते. चौदा वर्षे बाहेर राहिलेल्या माणसाने गावच्या समूहावर ‘आमच्याकडे’ हा शब्द लिहिण्यापूर्वी आपण तो कोणत्या गावाबद्दल लिहितो आहोत हे ठरवून घ्यावे, एवढे शहाणपण मला अजून आलेले नाही. मी लिहिले की आमच्याकडे चांदीच्या वस्तूवर घडवणाऱ्याची खूण असणे हा मानपानाचा विषयच नाही, तो कायद्याचा आहे, आणि तोही आजचा नव्हे. स्पेनमधल्या कास्तीयचा राजा दुसरा खुआन याच्या कारकिर्दीत, १४३५ साली, चांदी ११ दिनेरो ४ ग्रानो टंचाची असावी, तिच्यावर शहराचा शिक्का असावा आणि प्रत्येक प्लातेरोने, म्हणजे चांदीकाम करणाऱ्याने, आपली खूण नोंदवून ती आपल्या कामावर उमटवावी असा नियम झाला. १२ दिनेरो म्हणजे चोख चांदी आणि एका दिनेरोचे २४ ग्रानो, तेव्हा हा टंच आजच्या हिशेबाने हजारात ९३० च्या किंचित वर जातो, हेही मी सोनाराच्या पोराला शोभेल अशा तपशिलाने मांडले. माझ्या चुलतभावाने उत्तर दिले, ‘आला बघा स्पेनवाला.’ त्याखाली अकरा हसरे चेहरे.

त्या अकरा चेहऱ्यांना मी जे धड सांगू शकलो नाही ते इथे सविस्तर लिहितो आहे. हा लेख म्हणजे एका अर्थी न पाठवलेला, फार लांबलेला संदेश आहे.

कॉर्पस या ख्रिस्ती सणाच्या गुरुवारी सकाळी कॅथीड्रलच्या दारातून चांदीची मोठी कुस्तोदिया, म्हणजे पवित्र भाकरी मिरवायचे मनोऱ्यासारखे मखर, बाहेर येते तेव्हा मी दरवर्षी तिथे असतो. रस्त्यावर टाकलेल्या रोझमेरीचा वास, गॅलरीतून सोडलेल्या शाली, आणि नऊच्या आतच तापलेला दगड. आपल्याकडच्या दीपमाळेला खांब आणि कमानी फुटाव्यात, प्रत्येक मजल्यावर मूर्तींची वस्ती व्हावी आणि वरचा प्रत्येक मजला खालच्याहून लहान होत जावा, तशी ती दिसते. चार मजले, गोल आराखडा, तीन मीटरांहून अधिक उंची. खुआन दे आर्फे याने १५८० मध्ये ती करायला घेतली आणि १५८७ मध्ये पुरी केली. पुढे १६६८ मध्ये खुआन दे सेगुरा याने तिच्यात फेरफार केले, आणि कोणत्या मूर्ती बदलल्या यावर इथले लोक आजही असे बोलतात की जणू ती गोष्ट परवाची. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या सोनाराचे नाव रस्त्यावर उभ्या असलेल्या, हातात चुर्रोची पिशवी धरलेल्या माणसाला माहीत असते. हे मी गावाला कसे सांगू?

या आर्फे घराण्याची गोष्ट तर मला इतकी प्रिय आहे की ती सांगताना मी जरा वाहवतो. खुआनचा आजोबा एनरिके हा मुळात स्पेनचा नव्हेच. तो जर्मनीतल्या कलोनजवळच्या हार्फ गावचा. सोळाव्या शतकाच्या आरंभी तो लेओनला येऊन स्थिरावला आणि स्पॅनिश जिभेने हार्फचे आर्फे केले. म्हणजे आपल्या भाषेत सरळ सांगायचे तर हे घराणे हार्फकरांचे. परमुलखात आलेल्या माणसाने गावाचे नाव आडनाव म्हणून पाठीवर बांधून आणावे, ही पद्धत आपलीच आहे असे मी समजत होतो. या हार्फकराने लेओन, कोर्दोबा आणि तोलेदो इथल्या कॅथीड्रलांसाठी कुस्तोदिया घडवल्या. तोलेदोची १५१५ मध्ये सुरू झाली आणि नऊएक वर्षे चालली. सुमारे ५,६०० सुटे भाग, १२,५०० स्क्रू, २६० छोट्या मूर्ती, १८३ किलो चांदी आणि १८ किलो सोने, असा तिचा हिशेब तिथे सांगितला जातो. मला त्यातले स्क्रू सर्वांत महत्त्वाचे वाटतात. सगळे डाकाने जोडले असते तर दुरुस्तीला हात घालणाऱ्याला प्रत्येक वेळी विस्तव लावावा लागला असता. या माणसाने आपल्यानंतर येणाऱ्या कारागिराची सोय आधीच करून ठेवली. लेओनची मात्र नेपोलियनविरुद्धच्या युद्धकाळात वितळवली गेली. चांदीचे काम करणाऱ्याच्या डोक्यावर ही मूस कायम लटकत असते, मग तो कलोनचा असो की कोल्हापूरचा.

मुलगा अंतोनियो याने सांतियागोची कुस्तोदिया केली, नातू खुआनने आविलाची, सेवियाची आणि वायादोलिदची. एकाच घरात तीन पिढ्यांत गॉथिक टोके जाऊन रोमन खांब आले. खुआनने १५७२ मध्ये सोने, चांदी आणि रत्ने यांचा टंच व पारख यांवर ग्रंथ छापला, आणि पुढे १५८५ पासून सेवियात छापल्या गेलेल्या, मापे, शरीररचना आणि वास्तू यांवरच्या ग्रंथावर स्वतःची ओळख ‘सोन्याचांदीचा शिल्पकार’ अशी दिली. प्लातेरो नव्हे, शिल्पकार. तेव्हाच्या स्पेनमध्येही हाताने काम करणारा तो हलका, हीच समजूत होती, आणि आपण मोजमाप, भूमिती आणि शरीररचना जाणतो म्हणून आपले काम नुसती मजुरी नव्हे, हे सांगण्यासाठी या माणसाला पुस्तके लिहावी लागली. पुढे १७८३ मध्ये राजा तिसरा कार्लोस याने हुकूम काढून लोहार, शिंपी, चांभार यांसारखे धंदे प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे नाहीत असे जाहीर केले. जे जाहीर करावे लागते ते समाजात नसते, हे उघडच आहे. समूहावर लिहिताना हा शेवटचा भाग मी गाळला होता.

गाळलेला आणखी एक भाग चुलतभावाने बरोबर शोधून काढला. त्याने विचारले, ‘तुझ्या त्या आर्फेकडं चांदी आली कुठनं?’ त्याला उत्तर माहीत होते म्हणूनच त्याने विचारले. आजच्या बोलिव्हियातला पोतोसीचा चांदीचा डोंगर १५४५ मध्ये सापडला, तिथे सक्तीच्या मजुरीने माणसे खाणीत उतरवली गेली, आणि अमेरिकेची चांदी उतरत होती ती याच शहराच्या बंदरात, माझ्या घरापासून वीस मिनिटांच्या अंतरावर. त्यांची नावे कोणत्या कुस्तोदियावर आहेत? मी ‘विषय वेगळा आहे’ असे लिहिले. विषय वेगळा नव्हता. पण भांडणात आपल्या बाजूला येणारी चांदी आपण पारखून घेत नाही.

आता मी ज्या कारणाने या साऱ्यात ओढला गेलो ते सांगतो. नदीपलीकडे एका अरुंद गल्लीत एका ओर्फेब्रेचा, म्हणजे सोन्याचांदीच्या कारागिराचा, कारखाना आहे, आणि सहा वर्षांपूर्वी मी त्याच्या दारात थांबलो तो दुकान पाहून नव्हे, वास येऊन. राळेचा वास. ते लोक तिला पेस म्हणतात; राळ, विटकरीची भुकटी आणि चरबी यांचा तो लगदा. आमच्या घरी चरबीऐवजी तेल असे, एवढाच फरक. पत्रा त्या ऊबदार, किंचित मऊ थरावर चिकटवायचा, रेखाटन उतरवायचे आणि मग मागच्या बाजूने बोथट तोंडाच्या छिन्नीने ठोकत आकार फुगवायचा. पत्रा ठोकून ठोकून कडक झाला की राळेवरून सोडवायचा, विस्तवावर लाल करायचा, थंड करायचा, उलटवून पुन्हा चिकटवायचा आणि आता पुढून, बारीक छिन्न्यांनी, पानाची शीर, पंखाचे पीस, ओठाची कड काढायची. एकेका तुकड्याचे असे उलटेसुलटे पाच-सहा वेळा होते. मालक साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्या समोर दीडेकशे छिन्न्या डब्यांत उभ्या असतात आणि ते न पाहता हवी ती उचलतात. माझे वडील अण्णाही तसेच उचलत. शेवटी अकीक बसवलेल्या दांडीने घासून चकाकी आणतात. ठोके तर डोळे मिटून ऐकले तर आमच्या ओसरीवरचे: दोन हलके, एक भारी, आणि मध्ये छिन्नी सरकण्याएवढी शांतता.

त्या दिवशी पाटावर वारालचा एक भाग होता. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात कुमारी मातेची मूर्ती ज्या चौथऱ्यावरून मिरवतात त्या पासोवर छत पेलणारे बारा खांब, वाराल, असतात, सहा डावीकडे, सहा उजवीकडे, आणि तो वाहणारे कोस्तालेरो चालू लागले की ते झुलतात, छताच्या झालरीवर आपटतात. मद्रुगाच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, पहाटे अंधारात तो आवाज आधी येतो आणि मेणबत्त्या नंतर दिसतात. एका पासोची चांदी पुरी व्हायला वर्षानुवर्षे जातात, कारण मिरवणूक काढणाऱ्या मंडळाकडे, एर्मांदादकडे, पैसे कधीच एकदम नसतात. नाताळच्या लॉटरीचे हिस्से विकून, मे महिन्यात क्रूस उभारून बिअर विकून ते जमवले जातात, आणि तोवर कंदील या वर्षी, पायथा पुढच्या वर्षी, असे काम चालते. आमच्या समितीच्या लोकांना बसवून हे दाखवावे असे मला फार वाटते. घाई कशाची होती तुम्हाला?

आणि गंमत अशी की या शहरात लखलखणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी चांदीच्या नाहीतच. त्या आल्पाकाच्या असतात, म्हणजे आपल्या जर्मन सिल्व्हरच्या, तांबे, जस्त आणि निकेल. वरून चांदीचे पाणी दिलेले. १९८५ च्या कायद्याप्रमाणे चांदीचा ठसा मारायचा तर हजारात ९२५ किंवा निदान ८०० भाग चांदी हवी, त्यामुळे यांच्यावर तो मारता येत नाही. तरी कोपऱ्यावरच्या बारमध्ये उभा असलेला म्हातारा सांगतो की हा वाराल अमक्याच्या हातचा, आणि कायेतानो गोन्सालेसने पासियोन या एर्मांदादच्या ख्रिस्तासाठी केलेल्या चांदीच्या पासोबद्दल तो असे बोलतो की जणू पाटावर तो स्वतः शेजारी बसला होता. २०२५ च्या जूनमध्ये माकारेना या कुमारी मातेच्या मूर्तीच्या डागडुजीनंतर तिच्या पापण्या बदलल्यासारख्या दिसू लागल्या तर लोक रस्त्यावर उतरले आणि एर्मांदादला माफी मागावी लागली. पापणी ओळखणारी ही माणसे. आमच्याकडे अख्खी प्रभावळ बदलली आणि समूहावर पहिला प्रश्न आला तो वजनाचा. चांदीने किलोला लाखाचा आकडा ओलांडल्यापासून तर दुसरा प्रश्नच येत नाही.

इथवर मी जिंकत आलो आहे, असे वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटत होते. म्हणून मी त्या मालकांना एकदा मोठ्या अभिमानाने, त्यांच्याच वतीने, सांगितले की तुमच्याकडे कारागिराला किती मान, प्रत्येक चांदीवर त्याचे नाव. ते छिन्नी खाली न ठेवता हसले. म्हणाले, ‘बाबा रे, तो पुन्सोन, तो ठसा, मानासाठी नव्हता. भेसळ सापडली तर कोणाला धरायचे ते कळावे म्हणून होता.’ जुन्या चांदीवर तीन खुणा सापडतात, शहराची, टंच काढणाऱ्या अधिकाऱ्याची आणि घडवणाऱ्याची. कोर्दोबाच्या भांड्यांवर सिंह असतो, शेजारी तपासणाऱ्याचे नाव आणि घडवणाऱ्याचे. शिवाय टंचासाठी खरवडल्याची नागमोडी रेघही असते. म्हणजे जिला मी गौरवाची सही समजत होतो ती मुळात चोर पकडण्याची सोय. मी विमानाच्या भागांच्या कारखान्यात नोकरी करतो. तिथे प्रत्येक तपासनिसाला स्वतःचा क्रमांकाचा शिक्का असतो आणि कोणता रिव्हेट कोणाच्या शिक्क्याखाली गेला हे वर्षांनंतरही काढता येते. माझाही आहे. त्यामुळे माझा गौरव होतो असे मला आजवर कधी वाटलेले नाही.

त्यांनी पुढे आणखी एक सांगितले. ठसा असतो तो मालकाचा. त्यांच्याकडे पाटावर एक पोरगी आणि दोन पुरुष काम करतात. ते नुसती झिलई देत नाहीत, पाने आणि चेहरे ठोकतात. त्यांची नावे कुठेही नाहीत. फेलिक्स ग्रांदा या आस्तुरियाच्या पाद्र्याने १८९१ मध्ये माद्रिदला धार्मिक कलेचा मोठा कारखाना काढला, त्याच्या वस्तू देशोदेशींच्या चर्चमध्ये गेल्या आणि त्या आजही ग्रांदाच्या म्हणून ओळखल्या जातात. पाटांवर वाकलेल्या पाठींची नावे वेगळी शोधावी लागतात. आर्फेच्या सात वर्षांतही हातोड्या अनेक होत्या. आणि शहराच्या हद्दीबाहेर कामासमध्ये, एल काराम्बोलोच्या टेकडीवर, १९५८ मध्ये मजुरांना सापडलेल्या २१ सोन्याच्या दागिन्यांचे तर सगळेच उलटे आहे: अस्सल दागिने घडवणारा कोण ते कोणालाच ठाऊक नाही, पण त्यांच्या हुबेहूब प्रती करणारा सेवियाचा ओर्फेब्रे फेर्नांदो मार्मोलेहो कामार्गो याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. अस्सल ऐवज कित्येक वर्षे बँकेच्या तिजोरीत होता आणि लोक पाहत होते त्या त्याच्या प्रती.

हे मी समूहावर लिहिले नाही. त्याऐवजी मी गोवा काढला.

तोही काही उगाच काढला नाही. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्याला फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दर्शन होते, तेव्हा आमच्या गावातून दोन गाड्या भरून माणसे गेली होती आणि सर्वांनी फोटो टाकले होते. हा झेवियर मूळचा इथल्याच नवार्राचा. त्याचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत असतात ती १६३६-३७ मध्ये गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली. तिच्यावर त्याच्या आयुष्यातले ३२ प्रसंग उठावात ठोकलेले आहेत. पेटीखालचे संगमरवरी बांधकाम फ्लॉरेन्सचे, तिथल्या तिसऱ्या कोसिमो द्यूकने पाठवलेले, १६९८ मध्ये बसवलेले. दगडाच्या शिल्पकाराचे नाव माहीत आहे: जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी. दात्याचे माहीत आहे. वर असलेल्या चांदीसाठी फलकांवर येते ते ‘गोव्याचे कारागीर’ एवढेच. त्यापूर्वी, १५६७ मध्ये, गोव्यातल्या धर्मसभेने बिगरख्रिस्ती कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करून घ्यायला बंदी घातली होती, आणि बंदी घालावी लागली यातच सर्व आले. क्रूस आणि पेले घडवणारे हात आपल्या शेटांचे, म्हणजे गोव्यातल्या सोनारांचे, होते. त्यांना मजुरी मिळाली असेल. मग नाव कशाला?

या संदेशाला मात्र हसरे चेहरे आले नाहीत. शिक्षिकाबाईंनी नमस्कार पाठवला. चुलतभावाने तासाभराने लिहिले, ‘नरहरी सोनाराचं नाव कोणी पुसलं सांग.’ मी गप्प झालो, कारण उत्तर इतके नेमके होते. विठ्ठलाच्या कमरेची साखळी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा डोळे बांधून माप घेतले, ही कथा आम्हा सोनारांच्या घरात दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. ती साखळी आज कोणी दाखवत नाही. नाव उरले आहे ते अभंगातल्या नाममुद्रेने. नाममुद्रा हा शब्द मी आयुष्यभर कवितेसाठी वापरला आणि त्यात मुद्रा आहे, म्हणजे ठसा आहे, हे पन्नाशीला आल्यावर, तेही गावच्या भांडणात, ध्यानात आले. सोनार असलेल्या माणसाला नाव राहावे म्हणून सोन्यावर नव्हे, शब्दावर ठसा मारावा लागला.

आता एक गोष्ट, जी मी तीन रात्रींत एकदाही लिहिली नाही. ती जुनी प्रभावळ अण्णांनी घडवली होती. १९८३ च्या पावसाळ्यात, आमच्या ओसरीवर, पाण्याने विस्तव विझू नये म्हणून गोणपाट टांगून. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि राळेचा पाट धरून बसणे हे माझे काम होते. डाव्या बाजूच्या तिसऱ्या मोराची मान थोडी जास्त वाकली होती, कारण मी पाट हलवला. अण्णांनी मला टपली मारली आणि मान तशीच ठेवली. समूहावरच्या निदान सहा-सात माणसांना हे ठाऊक आहे. त्यांनीही लिहिले नाही. आणि भांडण ऐन रंगात असताना खजिनदारांनी हिशेबाचा कागद टाकला, त्यात एक ओळ होती: जुनी प्रभावळ मोडीत, घट वजा जाता सात किलो दोनशे. म्हणजे ती केव्हाच मुशीत गेली होती. नव्या प्रभावळीत अण्णांची चांदी आहे, मोर नाहीत.

मी तेव्हाच का बोललो नाही? बोललो असतो तर शिक्षिकाबाईंची सूचना सोनाराच्या पोराने घरचे नाव चढवण्यासाठी रचलेली ठरली असती, हे एक कारण, आणि ते सभ्य कारण आहे. दुसरे असे, की अण्णा गेल्यावर घर आवरायला मी बारा दिवसांची रजा काढून गेलो होतो, आणि त्यांची ऐरण, सांडशी, पितळी ठसे, छिन्न्यांचे डबे मी मोडवाल्याला वजनावर दिले. त्याने काटा लावला, मी आकडा ऐकला आणि बरे म्हणालो. विमानात तेवीस किलो नेता येते. इथे माझ्या बायकोच्या माहेरच्यांनी पहिल्या भेटीत वडील काय करतात असे विचारले तेव्हा मी ‘दागिन्यांचा व्यवसाय’ म्हणालो होतो. त्यांना काचेचे दुकान दिसले, मी ते दिसू दिले. आता त्याच घरातले सासरे वाराल पाहून डोळे पुसतात, आणि मी त्यांना कारागिराच्या मानाबद्दल चार गोष्टी सांगतो.

माझ्याकडे अण्णांच्या हातची एकच वस्तू आहे, भैरोबाचा टाक, लग्नानंतर आईने पिशवीत घालून दिलेला. अंगठ्याएवढा. पातळ पत्रा पितळी ठशावर ठेवून, वर शिसे धरून ठोकलेला, आणि मग डोळे व मिशा बारीक छिन्नीने काढलेल्या. चौदा वर्षे आम्ही तो दातांच्या पावडरीने घासला आणि देवाचा चेहरा गेला. झिजलेला टाक सोनाराकडे देऊन नवा करून घ्यावा आणि तो देवाला भेटवून आणावा ही रीत मला माहीत आहे. पण जुना मोडीत जातो, हेही आता माहीत आहे. म्हणून परवाच्या शनिवारी मी तो रुमालात गुंडाळून नदीपलीकडे नेला.

मालकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, टाक पुढून फारसा पाहिलाच नाही, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात मागचे खळगे बोटाने चाचपत राहिले. म्हणाले, ‘पत्रा कागद झालाय. नाकापाशी फाटेल. पण ठोकणाऱ्याचा हात चांगला होता; इथे बघ, त्याने दोनदा ठोकून आकार घेतला आहे, घाई केलेली नाही.’ मग त्यांनी भिंग घेऊन कडेने पूर्ण फेरी मारली. काय शोधत होते ते मला समजले. त्यांनी पावतीपुस्तक ओढले आणि नेहमीच्या अक्षरात लिहिले: चांदी, वजन नऊ ग्रॅम, ठसा नाही. खाली नावाची रेघ होती. मी अण्णांचे नाव सांगायला तोंड उघडले, तर ते म्हणाले, ‘नाही, नाही, तुझे. न्यायला येणाऱ्याचे.’ कागदाच्या छोट्या चिठ्ठीवर त्यांनी माझे नाव लिहिले आणि ती दोऱ्याने टाकाला बांधली.